हळू चाला, चहाला वेळ आहे

रिसोडात माणूस पायी दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. गाडी बिघडली का? आणि गाडी ठीक असेल तर तब्येत बिघडली का? किराणा दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर असलं तरी आमच्याकडे त्यासाठी गाडीला किक बसते. शेतकरी माणूस दिवसभर बांधाबांधानं चालतो, पण त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. तोही म्हणत नाही. व्यायाम म्हणजे पांढरे बूट. पांढरे बूट घालून जो पहाटे वाशिम रोडला लागला तो पेशंट, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलंय. प्रश्न फक्त कशाचा एवढाच उरतो. जोरजोरात हात हलवत जातो तो शुगरचा. मधेच थांबून मनगटावर बोटं ठेवतो तो बीपीचा. एक पाय जपून टाकतो तो गुडघ्याचा. आणि या सगळ्यांच्या मागून, भर उन्हाळ्यातही गळ्याभोवती ओढणी गुंडाळून, कुठंच पोचायचं नसल्यागत जी बाई येते ती थायरॉईडची. म्हणजे मी.

तशी मी एकटी नाही. २०१३ साली देशातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढांचं रक्त तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण दहातल्या एकाची थायरॉईड मंद निघाली, आणि त्यात बाया जास्त. मुंबई त्या यादीत होती, गोवा होता, हैदराबाद होतं. रिसोड नव्हतं. आमच्याकडे रक्त काढायचीही गरज पडली नसती. आमच्या भिशीत येऊन नुसतं हात वर करा म्हटलं असतं तरी अभ्यास दुपारच्या चहाआधी आटोपला असता.

माझा रिपोर्ट आला तेव्हा टीएसएच वाढलेला होता. शेजारच्या काकूंनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मला धीर दिला. "वाढला ना? मंग तं चांगलं हाय. कमी असता तं काळजी होती." रक्तात हिमोग्लोबिन वाढलं तर चांगलं, पगार वाढला तर चांगलं, सोयाबीनचा भाव वाढला तर फारच चांगलं, मग टीएसएचनंच काय पाप केलं, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांनी तो हिशेब मोडला. थायरॉईड म्हणजे शेतावरचा सालगडी आणि मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्युटरी म्हणजे मालक, असं समजा, म्हणाले. गडी कामाला ढिला पडला की मालकाचा आवाज चढतो. टीएसएच हा मालकाचा आवाज. तो जेवढा मोठा, तेवढा गडी झोपलेला. आमच्या यांनी लगेच मान डोलावली. दोन सालगडी ठेवून पाहिलेल्या माणसाला एंडोक्रायनॉलॉजी समजायला वेळ लागत नाही.

मग डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकवून पाठमोरं उभं केलं आणि घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल उडालं. उडायला ते झटकन उडालं, पण परत जागेवर यायला त्यानं आपला वेळ घेतला. सावकाश, काही घाई नसल्यासारखं खाली आलं. "दिसलं?" डॉक्टर म्हणाले. मंद थायरॉईडची ही जुनी खूण. स्नायू आवळतो, पण सैल पडायला वेळ लावतो. आमचे हे वाकून पाहत होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे तं लग्नापासूनच असं हाय."

व्यायामाचं विचारलं तर डॉक्टरांनी घाईनं काहीच करायला सांगितलं नाही. मला ते फार आवडलं. गोळी सुरू करा, दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा पाहू, तोवर सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाला, अंगाला पटलं की दोन-दोन मिनिटं वाढवा. शरीराची भट्टीच मंद पेटलेली असताना तिच्यावर एकदम धावपळीचा बोजा टाकला तर स्नायू दुखतात, पेटके येतात, दम लागतो, आणि माणूस तिसऱ्या दिवशी बूट माळ्यावर टाकतो. ज्यांना हृदयाचं आधीच काही आहे किंवा वय झालंय, त्यांची तर गोळीसुद्धा थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुटाची नाडीही बांधू नये. पुढं सगळं जागेवर आलं की जागतिक आरोग्य संघटना सगळ्या प्रौढांना सांगते तेच. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. दुसऱ्या भागाची मला चिंता नव्हती. गॅसचं सिलिंडर आमच्या घरी कोण सरकवतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

चालण्याचं सोपं होतं. अवघड होता चहा.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची, आणि नंतर अर्धा ते एक तास चहा नाही, हे वाक्य डॉक्टर सहज बोलून गेले. बहुधा त्यांचं बालपण वऱ्हाडात गेलेलं नसावं. आमच्याकडे चहा हे पेय नसून ती उठल्याची पावती आहे. चहा झाल्याशिवाय माणूस उठला असं धरत नाहीत. पण चहा-कॉफीनं गोळी अंगात नीट शोषली जात नाही, आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात अन् हिच्यात चार तासांचं अंतर लागतं. एवढीशी गोळी, मोहरीपेक्षा जरा मोठी, कुपीतून हातावर घ्यायला गेलं तर एकीऐवजी तीन येतात आणि दोन गॅसच्या ओट्याखाली जातात. पण तिचा रुबाब असा की तिच्या पुढंमागं घरातल्या कोणालाही फिरकू देत नाही.

मग हा एक तास काढायचा कुठं? स्वयंपाकघरात बसले तर यांच्या कपातून वाफ येते. आलं घातलेलं असतं. म्हणून मी घराबाहेर पडते. माझ्या मॉर्निंग वॉकची खरी प्रेरणा आरोग्य नाही, आल्याचा वास आहे.

बाहेर पडलं तर रस्ता टपऱ्यांनी भरलेला. "या वैनी, घोटभर घ्या." नको म्हटलं तर रिसोडात ते कोणी ऐकून घेत नाही, नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि गोळीचं कारण दिलं तर सगळा रिपोर्ट तिथंच उभ्यानं वाचून दाखवावा लागतो. म्हणून मी उपास म्हणते. सोमवार महादेवाचा. मंगळवार पिंगलाक्षी देवीचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारसाठी विठोबा आहे. शुक्रवारी संतोषी मातेनं सांभाळून घेतलं. रविवारी टपरीवाला नुसता हात जोडतो. माझ्यासारखी भाविक बाई या रस्त्यानं दुसरी जात नाही, असं त्याचं मत झालेलं आहे, आणि परत येताना त्याच टपरीवर मी दोन कप मारते तेव्हा तो समजतो की उपास सुटला.

गोळीचा आणखी एक गुण म्हणजे तिला आकडा असतो. पंचवीसची, पन्नासची, पंचाहत्तरची, शंभरची. हे सगळे मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, मुंगीच्या पायालाही न जाणवणारं वजन. पण भिशीत त्यावर मान ठरतो. "तुमची कितीची?" "पन्नासची." "माही शंभरची हाय बाई." हे सांगताना आवाजात जो ठसका असतो तो एकेकाळी तोळ्यांचा आकडा सांगताना असायचा. शंभरवाल्या बाई मधे बसतात. पंचवीसवाल्या पाणी आणायला उठतात.

रस्त्यावर सल्ला फुकट मिळतो आणि तो न घेण्याची सोय नसते. आमच्या रोडला कवायतीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी आयुष्यभर पोरांना 'दाहिने मूड' शिकवलं आणि आता शिकवायला पोरं उरली नाहीत म्हणून पेशंट शिकवतात. मागून त्यांचा आवाज येतो, "हात! वैनी, हात हलवा! बैलगाडीपेक्षा हळू चालून राह्यल्या तुम्ही!" या गावात सगळं आपल्या चालीनं चालतं. रस्त्याचं काम चालतं, कोर्टाची तारीख चालते, संध्याकाळची एसटी येते तेव्हा येते. यांपैकी कशालाच गुरुजींनी कधी हात हलवायला सांगितलं नाही. घाई फक्त माझ्या व्यायामात पाहिजे.

मी त्यांना डॉक्टरांची कसोटी सांगितली. मध्यम व्यायाम कोणता? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. बोलताही येत नसेल तर फार झालं, वेग कमी करा. खुशाल गाता येत असेल तर कमी पडलं, जरा वाढवा. गुरुजींनी ते डोक्यात घेतलं आणि तिथून नवीनच पंचाईत सुरू झाली. कार्तिकात पहाटे काकड्याला जाणाऱ्या बाया टाळ वाजवत, मोठ्यानं गात, चांगल्या झपाझप चालतात. सत्तरी ओलांडलेल्या आहेत. गुरुजी आता रोज त्यांना अडवून सांगतात, की तुम्ही गाऊन राह्यल्या म्हणजे तुमचा व्यायाम होऊन नाही राह्यला. एका आजीनं त्यांना शांतपणे विचारलं, "अन् तुमी इतकं बोलून राह्यले, तं तुमचा होऊन राह्यला का?"

भाच्याचं प्रकरण वेगळं. तो पुण्याहून येताना मनगटाला घड्याळ बांधून आला आणि ते त्यानं माझ्या हातावर चढवलं. बसल्या जागी नाडी पन्नाशीच्या आसपास दाखवली. पोरगं उडालंच. "आत्या, ही तर ॲथलीटची नाडी आहे!" घरभर सांगत सुटला. तेव्हा गोळी लागू पडायची होती. माझं हृदय तंदुरुस्तीनं नव्हे, आळसानं हळू चाललं होतं. मंद थायरॉईडची ही फसवी बाजू. मैदान गाजवणाऱ्याची आणि पलंग न सोडणाऱ्याची नाडी घड्याळाला सारखीच दिसते. वय २२० मधून वजा करा, त्याचे इतके टक्के नाडी गेली पाहिजे, अशी जी गणितं मोबाईल मांडतो ती थायरॉईड ताळ्यावर येईपर्यंत बाजूला ठेवावी आणि आपल्या श्वासावर भरवसा ठेवावा, असं डॉक्टर म्हणाले. भाच्याला ते पटलं नाही. श्वासाला चार्जिंग लागत नाही, म्हणून त्याचा त्यावर विश्वास नाही.

आणि योगासनवाले. त्यांच्या मते गळ्यावर दाब दिला की ग्रंथी जागी होते, तेव्हा सर्वांगासन करा, हलासन करा, आणि गोळी फेकून द्या. आसनांना माझा विरोध नाही. अंग मोकळं होतं, मन निवतं. पण बहुतेकांची ग्रंथी झोपलेली नसतेच, तिला शरीरातल्याच संरक्षक पेशींनी पोखरलेलं असतं. हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते १९१२ साली हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरनं, आणि आजाराला त्याचंच नाव पडलं. आमच्या गावात होंडा होती, यामाहा होती, सुझुकी होती. हाशिमोतो गळ्यात येऊन राहिलाय हे उशिरा कळलं. पोखरलेल्या ग्रंथीला उलटं टांगून काय उपयोग? वर मानेचे मणके झिजलेल्या बाईनं व्हिडिओ पाहून एकटीनं सर्वांगासन केलं तर थायरॉईड राहते तिथंच आणि मान मात्र पट्ट्यात जाते.

"पण जन्मभर गोळी?" हा प्रश्न मला जेवढ्यांनी विचारला तेवढे लोक माझ्या लग्नालाही नव्हते. त्यांना मी मेंढीची गोष्ट सांगते. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरनं अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचला. बाई ४६ वर्षांची, अंग सुजलेलं, हालचाल मंदावलेली. ती सुधारली, आणि पुढं अर्क पोटातून घेत १९१९ पर्यंत, ७४ व्या वर्षापर्यंत जगली. तेवढ्या काळात तिला शेकडो मेंढ्या लागल्या. त्यापुढं कुपीतली मोहरीएवढी गोळी म्हणजे काहीच नाही. शुद्ध हार्मोन वेगळं काढलं ते अमेरिकेत केंडॉलनं, १९१४ च्या नाताळच्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी काम करणारा माणूस आमच्याकडे विश्वासार्ह समजला जात नाही, पण गोळी लागू पडते. ही गोष्ट ऐकून आमच्या यांनी एवढंच विचारलं, की मेंढीचंच पाहिजे का, मटणाच्या रश्श्यानं भागत नाही?

वजनाबद्दल मात्र भिशीत खरं बोलायची सोय नाही. मंद थायरॉईडनं वाढणारं वजन बहुतेकांच्या बाबतीत अडीच ते साडेचार किलोच असतं, आणि त्यातही बराच वाटा अंगात साचलेल्या मीठपाण्याचा. हे मी एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि खोलीत शांतता पसरली. वीस-वीस किलो ज्या ग्रंथीच्या नावावर सुखानं टाकले होते, तिनं साडेचारच्या वर घ्यायला नकार दिला. वरच्या किलोंचा वाली कोण? समोर साबुदाणा वडे होते. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

त्याच भिशीनं नवरात्रात लोणारला जायचं ठरवलं. क्रूझर ठरली. सरोवराच्या काठी खाली कमळजा देवी आहे, तिचं दर्शन घ्यायचं. लोणार म्हणजे उल्केनं पाडलेला खड्डा, काठापासून तळ सुमारे १३७ मीटर खाली. उतरताना सगळ्याच बाया पंचविशीच्या असतात. पायऱ्या, मग दगडांची पायवाट, दोन्ही बाजूंना झाडी, वानरं. शंभरवाल्या बाई सर्वांत पुढं. दर्शन झालं, पाण्याचा उग्र वास घेऊन झाला, आणि मग वर पाहायची वेळ आली.

मंद थायरॉईड दंडापेक्षा मांड्यांत आधी कळते. सपाट रस्त्यावर काही नाही; जिना आला, बसल्या जागेवरून उठायचं झालं की पाय म्हणतात, जरा थांब. म्हणून मी आधीच ठरवलं होतं, थोडं चढायचं आणि थांबायचं. पण एकटी बाई थांबली की बाकीच्या दया करतात, पाणी पाजतात, पदरानं वारा घालतात, आणि घरी जाऊन सांगतात की तिचं काही खरं नाही. तेव्हा मी थांबायला कारणं काढली. पहिल्या वळणावर त्यांना सांगितलं, हा खड्डा बेसाल्टच्या काळ्या खडकात आहे, असे उल्केचे खड्डे जगात फार कमी आहेत. सगळ्या थांबल्या. दुसऱ्या वळणावर सांगितलं, पाणी खारट आहे आणि क्षारही भरपूर. पुन्हा थांबल्या. तिसऱ्या वळणावर २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी कसं झालं ते काढलं. खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. तिथं तर दोघी खालीच बसल्या. प्रत्येक थांब्यावर मी बोलत होते, म्हणजे डॉक्टरांच्या कसोटीलाही उतरत होते. शंभरवाल्या बाई एका दमात वर जायला निघाल्या होत्या, त्या निम्म्यातच एका दगडाला टेकून उभ्या दिसल्या. चेहरा उतरलेला, मांडीत गोळा आलेला. आम्ही पोचलो तशा म्हणाल्या, "अजून काही माहिती असंन तं सांगा न बाई. लय चांगलं सांगता तुमी." मग त्यांना मी उल्का जरा सविस्तर सांगितली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच पाय दुखले. ते चालायचंच, दोन-तीन दिवसांत जातं. पण डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून ठेवलीय, ती इथं हसण्यावारी नेत नाही. थायरॉईड मंद असताना, त्यातून कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना, एकदम अंगापलीकडचा व्यायाम केला तर क्वचित स्नायूच मोडायला लागतात. दुखणं हाताबाहेर गेलं, पाय सुजले, लघवी काळपट आली, तर तेल चोळत बसू नये, दवाखान्यात जावं. छातीत दुखलं, भोवळ आली, छातीत धडधड सुरू झाली तर तेव्हाही. धडधडीचं कारण कधी उलटंही असतं, गोळीच जास्त होत असते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास माझा रस्ता बदलतो. बाजार समितीकडे सोयाबीनचे ट्रॅक्टर लागतात, रांग पार रस्त्यावर येते. पोत्यांवर माणसं झोपलेली, कुणी ट्रॉलीखाली, कुणी स्टिअरिंगवर डोकं टेकून. सांडलेले दाणे डांबरावर पसरलेले असतात, त्यावरून बूट सटकतो. पायाखाली बघून चालावं लागतं, ते आपोआप हळू होतं. याच दिवसांत कोणीतरी मला मोबाईलवर पाठवलं, की थायरॉईडवाल्यांनी सोयाबीनचं नावही काढू नये. रिसोडात राहून! घरात सोयाबीन, अंगणात सोयाबीन, पोराची फी सोयाबीन, कर्ज सोयाबीन. खरं एवढंच आहे की सोयाबीनचं पीठ, दूध, वड्या गोळीच्या आसपास खाल्ल्या तर गोळी शोषली जायला अडथळा येतो. अंतर ठेवलं आणि रोजचं प्रमाण उगाच बदललं नाही तर भागतं. मी हे घरी सांगायला गेले तर आमचे हे भावाच्या बातमीत बुडालेले होते. म्हणाले, "तू खाऊ नको, पण इकू तं दे."

त्याच निरोपात कोबी-फुलकोबी बंद होती, धन्याचं पाणी चालू होतं आणि मिठाच्या जागी सैंधव आणायला सांगितलं होतं. शिजवलेली कोबी घरच्याइतकी खाल्ली तर काही होत नाही. धन्याचं पाणी प्यावं, तहान भागते. मिठाचा सल्ला मात्र उरफाटा. १९५० च्या दशकात कांगडा खोऱ्यात सुरू केलेल्या अभ्यासातून डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनच्या मिठानं गलगंड हटतो हे दाखवलं, १९६२ ला देशात गलगंडाविरुद्ध कार्यक्रम सुरू झाला, म्हणून आज आपल्या गल्लीत कुणाच्या गळ्यात आंब्याएवढी गाठ दिसत नाही. ते साधं पुडीचं मीठ सोडून महागाचं गुलाबी मीठ आणायचं, ज्यात आयोडीन बहुधा नसतंच, ही श्रीमंती हौस झाली. उलट जास्तीचं आयोडीन गिळल्यानं हाशिमोतोही निघून जात नाही.

राहता राहिला कूलर. या आजारात थंडी फार वाजते, आणि माझं लग्न विदर्भात झालंय. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, सगळं घर कूलरसमोर चटया टाकून पडतं, आणि मी कोपऱ्यातून गोधडीतून हात काढून म्हणते, जरा कमी करा. आमचे हे एक शब्द बोलत नाहीत. नुसते उठतात, कूलर माझ्याकडून स्वतःकडे वळवतात आणि पाण्यात वाळ्याची आणखी एक जुडी टाकतात. पण थंडी वाजते म्हणून ऊन मानवतं असं नाही. मंद थायरॉईडवालीला घाम कमी येतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. दुपारच्या उन्हात चालणं तिलाही तितकंच घातक. म्हणून मे महिन्यात माझं चालणं दिवस उजाडायच्या आत संपतं.

आता गंमत अशी, की जागतिक थायरॉईड दिन येतो २५ मे रोजी. त्याच सुमारास आमच्याकडे नवतपा लागतो. सूर्य रोहिणीत जातो आणि वऱ्हाडातली कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. गेल्या खेपेला गुरुजींच्या मनात आलं की हा दिवस साजरा करायचा. रॅली काढायची, थायरॉईडवाल्या सगळ्या बाया पांढऱ्या बुटांत, हातात फलक, सकाळी साडेनऊला निघायचं, भाषणं अकराला. शंभरवाल्या बाईंनी अध्यक्षपद आधीच घेतलं होतं. मी विचारलं, गुरुजी, नवतप्यात साडेनऊला? बाया रॅलीत येतील, पण घरी कशात घालून न्यायच्या? गुरुजी विचारात पडले. नियोजनाला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. वहीत लिहिलेलं सगळं खोडून, नवं पान उघडून म्हणाले, "ठीक हाय. मंग डिसेंबरात ठेवू. पहाटे सहाला."

"गुरुजी," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "डिसेंबरात पहाटे सहाला थायरॉडवाली बाई गोधडीच्या भायेर येते का कधी?"

वहीतलं ते पान अजून कोरं आहे.